बर्फाविना हिवाळा : ‘हिवाळी खेळ’ कोणाला म्हणायचे?

१/
पोफळीत बर्फ पडत नाही. चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात हिवाळा येतो तो पहाटेच्या धुक्याने, दवाने भिजलेल्या गवताने आणि कापणीनंतर मोकळ्या झालेल्या भातखाचरांनी. तरीही कोकणातील कोणत्याही गावाप्रमाणे येथेही मैदानी खेळांचा खरा ऋतू हिवाळाच. मग जगाच्या ‘हिवाळी खेळां’च्या यादीत हा हिवाळा का बसत नाही? प्रश्न साधा आहे. उत्तरात मात्र शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास गुंतलेला आहे.

२/
उत्तराचा पहिला भाग कायद्याचा. ऑलिंपिक सनदेत हिवाळी खेळाची व्याख्या दिलेली आहे : जो हिमावर किंवा बर्फावर खेळला जातो, तोच हिवाळी खेळ. व्याख्येत ना ऋतूचा उल्लेख, ना थंडीचा. जमिनीवर काय पसरले आहे, एवढाच निकष. त्यामुळे डिसेंबरात उघड्यावर, कुडकुडत खेळला जाणारा खेळ हिवाळी ठरत नाही; आणि भर उन्हाळ्यात वातानुकूलित सभागृहात, यंत्राने गोठवलेल्या पाण्यावर खेळला जाणारा खेळ मात्र हिवाळीच राहतो.

३/
ही व्याख्या अनादी नाही. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंग होते, आणि ते आज ज्याला आपण उन्हाळी ऑलिंपिक म्हणतो त्याच सोहळ्याचा भाग होते. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तर आइस हॉकीही खेळली गेली. धावणे, पोहणे, कुस्ती आणि बर्फावरची हॉकी एकाच नावाखाली! तेव्हा कोणाला त्यात विसंगती दिसली नाही.

४/
उत्तर युरोपाचा आपला वेगळा संसार होता. १९०१ साली स्टॉकहोममध्ये ‘नॉर्डिक खेळ’ भरले. त्यांचे सूत्रधार व्हिक्टर बाल्क हे स्वतः आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य. हिमावरचे खेळ हा उत्तरेकडच्या राष्ट्रांच्या अस्मितेचा विषय होता, आणि तो साऱ्या जगाच्या हाती सोपवण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणूनच स्वतंत्र हिवाळी ऑलिंपिकच्या कल्पनेला सुरुवातीचा विरोध झाला तो वाळवंटी देशांकडून नव्हे, तर ज्यांच्या अंगणात हिम पडत होते त्यांच्याकडूनच.

५/
शेवटी तडजोड झाली. २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४ या काळात फ्रान्समधील शामोनी येथे ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ भरला. १६ देश आले. सोहळा पार पडल्यावर, मागाहून, त्याला ‘पहिले हिवाळी ऑलिंपिक’ हे नाव मिळाले. बारसे आधी आणि नाव नंतर, असा हा प्रकार.

६/
त्याच वर्षी, त्याच फ्रान्समध्ये, जुलै महिन्यात पॅरिसचे ऑलिंपिक झाले. त्यात क्रॉस-कंट्री, म्हणजे रानावनातून, चढउतारांवरून धावण्याची शर्यत होती. हा खेळ इंग्लंडात जन्मला तो थंडीच्या दिवसांत, चिखलात धावण्यासाठी. पॅरिसमध्ये तो भाजून काढणाऱ्या उन्हात झाला. ३८ धावपटूंनी सुरुवात केली; १५ जणच शेवटपर्यंत पोहोचले. फिनलंडचा पावो नुर्मी विजयी झाला, पण वाटेत कोसळणाऱ्या धावपटूंचे दृश्य पाहून ही शर्यत ऑलिंपिकमधून कायमची काढून टाकण्यात आली. पायाखाली हिम नाही म्हणून हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात ढकलला, आणि उन्हाळ्याने त्याचा जीव घेतला.

७/
आता थोडे मागे जाऊ. हिमावरचे खेळ मुळात खेळ नव्हतेच. ती कामे होती. स्कँडिनेव्हियात लाकडी पट्ट्या पायाला बांधून हिमावरून घसरत जाणे ही शिकाऱ्याची, लाकूडतोड्याची, शेजारच्या वाडीवर निरोप पोहोचवणाऱ्याची गरज होती. स्की हे हिवाळ्यातले वाहन होते.

८/
या वाहनाचा खेळ झाला त्यात नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील मोर्गेडाल या वाडीचा मोठा वाटा. सोंद्रे नॉर्हाइम (जन्म १८२५) हा तेथला एक गरीब कूळ. स्वतःची जमीन नव्हती. अंगात मात्र कसब होते. त्याने स्कीला टाच घट्ट धरून ठेवणारे, लवचीक फांद्यांच्या पिळाचे बंध तयार केले. टाच सुटेना, म्हणून उडी मारता येऊ लागली आणि वेगात वळता येऊ लागले. १८६८ साली, चाळिशी ओलांडलेला हा माणूस क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, स्पर्धेसाठी आला आणि राजधानी थक्क झाली. ‘स्लालोम’ हा शब्दही त्याच भागातला. त्यातला पहिला भाग उताराचा वाचक, तर दुसरा वाटेचा. उतारावरची वाट.

९/
या कर्त्या पुरुषाचे पुढे काय झाले? १८८४ साली तो पोटासाठी अमेरिकेला गेला आणि १८९७ साली नॉर्थ डकोटाच्या सपाट माळावर वारला. उतारावरच्या खेळाच्या जनकाला शेवटी उतारच उरला नव्हता. पोट भरण्यासाठी गाव सोडणे हे केवळ कोकणाच्या नशिबी आले असे नाही.

१०/
नेदरलँड्सची तऱ्हा उलटी. तेथे डोंगर नाहीत, पाणी मात्र पावलोपावली. कालवे गोठले की नावा थांबत आणि लोक पायांत स्केट बांधून गावोगाव हिंडत. फ्रिसलंड प्रांतातील अकरा शहरांना जोडणारी, सुमारे २०० किलोमीटरची ‘एल्फस्टेडेनटोख्त’ ही शर्यत १९०९ साली रीतसर सुरू झाली. बर्फाची जाडी वाटभर सुमारे १५ सेंटिमीटर झाल्याखेरीज ती घेता येत नाही. त्यामुळे आजवर केवळ १५ वेळा ती झाली, आणि शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ रोजी. तेव्हापासून सारा देश दर हिवाळ्यात बर्फाची जाडी मोजत बसला आहे. आपल्याकडे मृगाची वाट पाहतात, तशी.

११/
हिमाचा दुसरा प्रवाह हौशी पाहुण्यांचा. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झचे हॉटेलमालक योहानेस बाड्रुट यांनी १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, की हिवाळ्यात येऊन पाहा, आवडले नाही तर खर्च माझा. अशी आख्यायिका आहे. तपशील कितपत खरे, हा प्रश्न बाजूला ठेवू. परिणाम मात्र खरा : हिवाळा हा सोसण्याचा ऋतू न राहता पैसे मोजून उपभोगण्याचा ऋतू झाला. आज दूरचित्रवाणीवर दिसणारे हिवाळी खेळ नॉर्हाइमच्या वाडीपेक्षा बाड्रुटच्या हॉटेलाचे वारस अधिक आहेत.

१२/
येथवरची कथा सर्वपरिचित. पण हिवाळ्याने जन्माला घातलेल्या खेळांची आणखी एक शाखा आहे, आणि ती कुठल्याही हिवाळी यादीत नाही.

१३/
डिसेंबर १८९१. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले स्प्रिंगफील्ड. वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग कंटाळून बंडाच्या पवित्र्यात होता. शरदातला फुटबॉल संपलेला, वसंतातला बेसबॉल दूर. मध्ये हिवाळा, बाहेर हिम, आणि आत तीच ती कवायत. प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तरुण शिक्षक जेम्स नेस्मिथ यांच्यावर काम सोपवले : हिवाळ्यात छताखाली खेळता येईल असा खेळ काढा. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला, १० फूट उंचीवर ठोकल्या आणि १३ नियम लिहिले. बास्केटबॉल जन्मला तो असा, थेट हिवाळ्याच्या पोटी.

१४/
चार वर्षांनी, १८९५ साली, तेथून जवळच असलेल्या होल्योक गावात विल्यम मॉर्गन यांनी वयस्क सभासदांना झेपेल असा सौम्य खेळ काढला. बॅडमिंटनवरून त्याचे नाव ठेवले ‘मिंटोनेट’. तोच आपला व्हॉलीबॉल. आणि ज्या बॅडमिंटनवरून हे नाव आले, त्याचे इंग्रजी जगातील एक आरंभीचे नावच मुळी ‘पूना’ होते. पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत. म्हणजे गावच्या शाळेमागे दोन बांबूंना जाळी बांधून रंगणाऱ्या व्हॉलीबॉलच्या वंशावळीत मॅसॅच्युसेट्सचा हिवाळा आहे आणि पुणेही आहे.

१५/
जन्माने अस्सल हिवाळी असलेले हे दोन्ही खेळ आज उन्हाळी ऑलिंपिकचे मानकरी. कारण? बर्फ नाही!

१६/
या गोंधळाचा कळस १९३६ साली झाला. फेब्रुवारीत जर्मनीच्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे हिवाळी ऑलिंपिक झाले आणि ऑगस्टमध्ये बर्लिनला उन्हाळी. बास्केटबॉल प्रथमच आला, तो बर्लिनला. वृद्ध नेस्मिथ स्वतः उपस्थित होते. ज्यांनी हा खेळ छताखाली खेळण्यासाठीच निर्माण केला, त्यांना तो उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानावर पाहावा लागला. १४ ऑगस्टला अंतिम सामन्याच्या वेळी पाऊस कोसळला. चिखलात चेंडू टप्पाच घेईना. अमेरिकेने कॅनडाला हरवले. गुणफलक होता १९–८. आजच्या सामन्यात इतके गुण काही मिनिटांत होतात.

१७/
त्याच बर्लिनमध्ये, त्याच ऑगस्टात, आणखी एक मातीतला खेळ दाखवला गेला. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. अनंत आणि अंबादास वैद्य या बंधूंनी १९१४ साली स्थापलेली ही संस्था. स्प्रिंगफील्डच्या हिवाळ्यात जन्मलेला खेळ पदकासाठी आणि महाराष्ट्राच्या मातीतला खेळ प्रदर्शनासाठी, असे दोघेही एकाच शहरात, परक्या ऋतूत उभे होते.

१८/
परक्या ऋतूत, असे म्हणण्याचे कारण पोफळीसारख्या गावाच्या वार्षिक चक्रात सापडते. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आषाढात लावणी, श्रावण-भाद्रपदात बेणणी. आश्विन-कार्तिकात कापणी, मग झोडणी, मळणी. या काळात माणसाला उसंत नाही आणि जमिनीला कोरडेपणा नाही. मार्गशीर्ष उजाडतो तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम मिळतात.

१९/
ही जमीन तेव्हाही पूर्ण रिकामी नसते, हे सांगितले पाहिजे. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, पावटा पेरतात. खेळाला मिळते ती उरलेली खाचरे, देवळापुढची जागा आणि शाळेचे पटांगण. तरीही नॉर्वेतील वाडी आणि कोकणातील वाडी यांच्यात येथे एक विलक्षण साम्य दिसते. हिवाळ्यातला खेळ उपजतो तो थंडीतून नव्हे, तर शेतीच्या कामातून सुटलेल्या दिवसांतून. तिकडे जमीन हिमाखाली झाकली जाते म्हणून, इकडे ती पावसाखालून उघडी पडते म्हणून.

२०/
या दिवसांत कोकणात घराघरापुढे ‘खळे’ केले जाते. पावसाने उखडलेले अंगण खणायचे, खडे वेचायचे, पाणी शिंपून माती बसवायची, चोपण्याने चोपून सपाट करायची आणि वर शेणाचा सडा-सारवण. कबड्डीचे मातीचे मैदान तयार करण्याची रीत याहून फारशी वेगळी नाही. आइस हॉकीच्या मैदानावर दोन डावांमध्ये पाणी पसरून बर्फ गुळगुळीत करतात; आपल्याकडे सामन्याआधी पाणी मारून धूळ बसवतात. पृष्ठभाग घडवणे हे दोन्हीकडच्या हिवाळी खेळाचे निम्मे काम.

२१/
आणि मैदान केवढे? पुरुषांच्या कबड्डीला आज १३ बाय १० मीटर पुरतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी या आकड्याला फार मोल आहे. येथे उतार हवा तेवढा. सपाट जागा मात्र खाचर म्हणून बांध घालून, पिढ्यान्पिढ्या राबून तयार करावी लागते. क्रिकेटचे पूर्ण मैदान ही अशा गावात चैन ठरते. हुतूतू मात्र एका खाचरात मावतो. ना फळी, ना चेंडू, ना जाळी. सात-सात माणसे, एक मधली रेषा आणि छातीतला दम.

२२/
हुतूतू हे महाराष्ट्राचे जुने नाव. नियमही गावागणिक वेगळे : कुठे बाद झालेला गडी पुन्हा उठे (संजीवनी), कुठे बाहेरच बसे (गामिनी), कुठे बाद होऊनही खेळत राही आणि फक्त गुण मोजले जात (अमर). विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रातील आणि बडोद्यातील व्यायामसंस्थांनी हे नियम एकत्र बांधायला घेतले. १९५०मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. एकसमान नियमांखेरीज दोन जिल्ह्यांतले संघ भिडू शकत नाहीत. १८७५ साली मॉन्ट्रियलमध्ये छताखालचा पहिला आइस हॉकी सामना झाला, तेव्हा तेथल्या खेळाडूंनाही हेच कळले होते.

२३/
या खेळाला शहर मिळाले ते रत्नागिरी जिल्ह्याच्या चाकरमान्यांमुळे. मुंबईच्या कापडगिरण्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी आघाडीवर होता. लालबाग-परळच्या चाळींत गावचे मंडळ, गावचा गणपती, गावची भिशी आली, तसा गावचा हुतूतूही आला. चाळीमागची मोकळी जागा हेच खाचर. गिरणगावात व्यायामशाळांचे आणि गिरण्यांचे संघ उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ती दुनिया ओसरू लागली. त्याच वर्षीच्या अखेरीस दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून खेळवली गेली. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले.

२४/
दिल्लीच्या त्या आशियाई स्पर्धेच्या तारखाही पाहण्याजोग्या आहेत : १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२. उत्तर भारतात मोठी मैदानी स्पर्धा भरवायची तर तोच काळ. म्हणजे आपल्या उपखंडाच्या हिशेबाने तो अवघा सोहळा हिवाळी खेळांचाच होता. फक्त त्याला तसे कोणी म्हटले नाही. १९९०च्या बीजिंग स्पर्धेपासून कबड्डीला पदक मिळू लागले.

२५/
पुढे कबड्डी मातीवरून मॅटवर आणि मैदानातून सभागृहात गेली. प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना मुंबईत झाला तो २६ जुलै २०१४ रोजी, भर पावसाळ्यात. बुवा साळवी यांच्या स्मरणार्थ महाराष्ट्र कबड्डी दिन पाळतो तो १५ जुलैला, त्यांच्या जन्मदिनी. तेव्हा कोकणात माणसे गुडघाभर चिखलात आवण लावत असतात. छताने खेळाला ऋतूतून सोडवले. खेळाडूंना त्यातून पैसा आणि नाव मिळाले, हे निर्विवाद. पण ज्या गावात मॅट नाही, तेथील मुलाचा पाय मातीवर तयार होतो आणि निवड होते मॅटवर. ही दरी केवळ भावनेची नव्हे, पैशांची आहे.

२६/
बर्फाचेही हेच झाले होते, फार आधी. १८७६ साली लंडनच्या चेल्सी भागात जॉन गॅमजी यांनी यंत्राने गोठवलेले स्केटिंगचे मैदान उघडले. त्या दिवसापासून बर्फ ही निसर्गाची देणगी न राहता कारखान्याची वस्तू झाली. १९६४च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये हिम कमी पडले, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैन्याने डोंगरावरून बर्फाचे सुमारे २० हजार ठोकळे वाहून आणले. १९८०च्या लेक प्लॅसिडमध्ये कृत्रिम हिम वापरले गेले; २०२२च्या बीजिंगमध्ये जवळजवळ सगळेच हिम यंत्राचे होते. आज हिम म्हणजे पाणी अधिक वीज.

२७/
पाणी अधिक वीज! हे समीकरण पोफळीला कोणी शिकवायला नको. सह्याद्रीच्या पोटातले, कोयना प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह याच गावात. १९६२ साली त्याचा पहिला संच सुरू झाला. घाटमाथ्यावरच्या जलाशयाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवले जाते, डोंगरातून खाली झेपावते, जनित्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. आल्प्समध्ये उंचावरून खाली घसरत येण्याचा आनंद माणसाने घेतला. येथे ते काम पाण्याला लावले. विजेचा दिवा आल्यावर कोकणातल्या स्पर्धाही दुपारच्या उन्हातून रात्रीच्या प्रकाशझोतात सरकल्या, आणि थंडीतल्या रात्री मैदानाभोवती शाल-कानटोपीतला प्रेक्षक बसू लागला.

२८/
भारताला अस्सल हिमाचेही खेळ आहेत, हे विसरून चालणार नाही. सिमल्याचे नैसर्गिक बर्फाचे स्केटिंग मैदान १९२० सालचे. गुलमर्गला इंग्रजांनी स्की क्लब काढला तो १९२७ साली. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव प्रथम लागले ते १९६४च्या इन्सब्रुकला, पोलिश वंशाच्या जेरेमी बुजाकोव्स्की यांच्यामुळे. शिवा केशवन १९९८ ते २०१८ अशा सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज या घसरगाडीच्या खेळात उतरले. २०२२च्या बीजिंगला आपला एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्या आणि खेळाडू एक, असे म्हणून हसणे सोपे आहे. पण यादी बर्फाने आखली असेल, तर ज्यांच्याकडे बर्फच नाही त्यांची गैरहजेरी हा त्यांचा दोष कसा?

२९/
अलीकडे या व्याख्येच्या कडांना तडे जाऊ लागले आहेत. २०३०चे हिवाळी ऑलिंपिक फ्रेंच आल्प्समध्ये आहे. त्यात क्रॉस-कंट्री धावणे आणि चिखलातली सायकलशर्यत सायक्लोक्रॉस यांना स्थान द्यावे, अशी मागणी त्या त्या खेळांच्या जागतिक संघटनांकडून पुढे आली. १९२४च्या जुलैत जी शर्यत उन्हाने मारली, ती शंभर वर्षांनी आपल्या मूळ ऋतूचा दरवाजा ठोठावते आहे. तिचा युक्तिवाद असा, की हिवाळ्यात चिखलही असतो, आणि आफ्रिकेतील देशांनाही हिवाळी सोहळ्यात जागा हवी.

३०/
कबड्डी या रांगेत उभी नाही. तिचे लक्ष उन्हाळी ऑलिंपिककडे आहे. कोकणात मात्र तिचे वेळापत्रक अजून जुनेच. मार्गशीर्ष-पौषात स्पर्धांच्या पावत्या फाटतात, माघात अंतिम सामने रंगतात, फाल्गुनात शिमग्याची पालखी आली की चाकरमानी संघ गावच्या संघाशी भिडतो. मग खाचरात भाजावळीसाठी कवळ रचली जाते, आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर मधल्या रेषेवरून नांगर फिरतो.